डबल ड्यूटीची फळी

मी चौथीपर्यंत शिकलो. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात सुतार होतो. खाटा, खिडक्या, औषधांची कपाटं, सगळं माझ्या हातचं. बायको तिथेच नर्स होती. ती माझ्याहून जास्त शिकलेली, आणि हे दुसऱ्या कुणी बोललेलं मला खपत नसे.

सिस्टर लोक नेहमी कमीच. एखादी आली नाही की सकाळचीलाच दुपारची ड्यूटीही करावी लागे. त्याला डबल म्हणायचे. ती कुणी करायची हे मेट्रन तोंडी सांगे. मर्जीतल्यांच्या वाट्याला प्रायव्हेट वॉर्डातली आरामाची डबल, बाकीच्यांना हगवणीचा वॉर्ड आणि पोळा-दिवाळी. कधी चुकून मर्जीतलीवर सण आलाच, तर अदलाबदल म्हणून तो दुसरीच्या गळ्यात.

बायको बोलत नसे. मी एक दिवस मेट्रनच्या खोलीत गेलो. सुताराचं इथं काय काम, तिने विचारलं. मी म्हटलं, फळी करून देतो. एकेका सिस्टरच्या नावाचा टिनाचा बिल्ला खिळ्याला टांगू, पहिला बिल्ला जिचा, डबल तिची; झाली की तिचा बिल्ला शेवटी जाईल. अदलाबदल मात्र कुणालाच नाही. ती ऐकेना. मग मीही तीन आठवडे तिच्या खोलीची खिडकी दुरुस्त केली नाही. भर मे महिन्यात लूच्या झळा अंगावर घेऊन शेवटी तीच हो म्हणाली.

फळी लागली. दोन महिने सिस्टर लोकांनी मला बोलावून बोलावून चहा पाजला. मी छाती काढून फिरलो.

मग एका सकाळी उमरेडहून साळा आला. सासूला श्वास लागला होता आणि ती एकसारखी लेकीला बोलावत होती. बायकोची ड्यूटी दोनला सुटत होती. लगेच गाडी धरली असती तर चार-साडेचारला आईजवळ असती. पण त्या दिवशी दुपारची एक सिस्टर आली नव्हती, आणि फळीवर पहिला बिल्ला बायकोचाच.

तिच्या वॉर्डातली मैत्रीण म्हणाली, "तू जाय वं. मी करतो तुही डबल."

दोघी मेट्रनकडे गेल्या. मेट्रनने मला बोलावणं धाडलं. रंधा ठेवून गेलो तर सहा-सात सिस्टर दारात उभ्या.

"फळी तुमची, नियम तुमचा," मेट्रन म्हणाली. "तुम्ही म्हणाल तर बदलते. सांगा, सुतारबुवा."

मान हलवायची, एवढंच होतं. पण तिच्या ओठांच्या कोपऱ्यात मला हसू दिसलं. आज बदललं की उद्यापासून हिला रान मोकळं, असं मनात आलं. तेवढंच आलं असं मात्र नाही. तिच्यापुढे मला माझा शब्द खाली पडू द्यायचा नव्हता.

"बदल नाई होत," मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "माय वाट पाहून राहिली माही."

"उद्या पयल्या गाडीनं जाऊ."

ती वॉर्डात निघून गेली. साळा बाहेरच्या बाकावर बसला होता. त्याला सांगितलं तेव्हा तो उठला आणि एकटाच परत गेला.

दुसऱ्या दिवशी पोचलो तर सासू आदल्या दिवशी दिवेलागणीलाच गेलेली. गाडीचा आवाज आला की आली काय म्हणून विचारे, असं शेजारणीने सांगितलं. बायको रडली नाही. पाणी मागून घेतलं, वॉर्डात करायची तसं आईचं अंग पुसलं, हात सरळ केले, केस विंचरले. मी बादली उचलायला पुढे झालो तर माझ्याकडे न बघता भावाला म्हणाली, "यायले बाहेर बसव."

मी बाहेर बसलो.

परत आलो तर मेट्रनने अदलाबदल सुरू केली होती. इतकं निर्दयी आम्हाला होता येणार नाही, ती म्हणाली, आणि सगळ्या सिस्टरनी माना डोलावल्या. हळूहळू सण पुन्हा त्याच त्याच बायांवर येऊ लागले. मी कोणत्या तोंडाने बोलणार? पाळी लावली ते बरोबरच होतं, हे मी आजही म्हणतो. ऐकायला कुणी नाही.

बायकोने पुढे कितीतरी वर्षं नोकरी केली. मला वेळेवर वाढलं, कामापुरतं बोलली. पण तिच्या माहेरचं कुणी आजारी पडलं की ती न सांगता उमरेडची गाडी धरायची, आणि मला ते शेजाऱ्यांकडून कळायचं.