चंपाषष्ठीचं भरीत
गॅसवर वांगं भाजायला ठेवलं आणि सालीचा करपट वास सुटला, की मला डोंबिवलीतली ती चंपाषष्ठी आठवते. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती आणि मी नुकतीच लग्न होऊन चाळीत आले होते. सगळ्या बिऱ्हाडांसाठी भरताचा बेत होता, आणि चाळीच्या मालकीणबाईंनी जवळच्या गावातल्या भाजीवालीलाच अंगणात कामाला बसवलं होतं. तिने पेंढ्याच्या जाळावर टोपलीभर वांगी भाजली, बोटं पोळत असताना सोललीही. मग मालकीणबाईंनी त्यांवर चार थेंब पाणी शिंपडलं आणि म्हणाल्या, "झाली शुद्ध! आता तू लांब बस गं." फोडणी पडली, पंगत बसली. "काय चव आहे हो तुमच्या हाताला!" बायका म्हणाल्या, आणि मालकीणबाई चक्क लाजल्या. जेवणं चालू असतानाच त्यांनी भाजीवालीपुढच्या पानावर वरूनच भरीत टाकलं. तिने पान बाजूला सरकवलं. "माझ्या हातचं तुमाला पानी शिंपडून लागतं ना बाय? मंग तुमच्या हातचं मना नको." टोपली उचलून ती निघून गेली. "माज बघा मेलीचा!" मालकीणबाई म्हणाल्या. मला त्यांची तिथेच किळस आली. पण आता त्याहून जास्त येते ती माझीच, कारण लगेच त्या पातेलं घेऊन माझ्यापुढे आल्या आणि मी मुकाट्याने ताट पुढे केलं.