तेवढी काही ओळख नाही

सरकार आता प्रत्येक माणसाला हजारापैकी गुण देणार, ही बातमी मला नांदेडात सकाळच्या फिरण्यात कळली. सांगणारे गृहस्थ निवृत्त तलाठी. त्यांच्या मोबाइलवर तसा व्हिडिओच होता.

"सर, चीनमध्ये चालू झालंय. सिग्नल तोडला, मार्क कट. मार्क घसरले की रेल्वेचं तिकीट बंद. आपल्याकडं पण येऊन राहिलं. आणि दोस्त जर कमी मार्कांचा निघाला, तर तुमचे पण कटणार."

मी हसायला हवं होतं. पण मी मुख्याध्यापक होतो. हाताखालच्या शिक्षकांचे गोपनीय अहवाल वर्षानुवर्षं लिहिले. एका माणसाचं अख्खं वर्ष 'साधारण' या एका शब्दात बसवायचं, सही ठोकायची आणि घरी येऊन व्यवस्थित जेवायचं. मला जे एका शाळेत जमलं ते सरकारला देशभर का जमू नये?

तेव्हा मी सुधारलो. रस्ता रिकामा असला तरी लाल दिव्याला स्कूटर थांबवून उभा राहू लागलो. मागून रिक्षावाला ओरडायचा, "चचा, सो गए क्या?" चौकात पडलेली पिशवी उचलून कचरापेटीत टाकायचो आणि टाकताना तोंड कॅमेऱ्याकडे राहील एवढं बघायचो. बायकोनं दोन-चार दिवस हे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "घरातला कचरा तेवढा राहिलाय. का तिथं कॅमेरा न्हाई म्हणून?"

इथवर ठीक होतं. माझं हसं झालं, ते मला नवं नाही. पुढचं सांगायचा खरं तर कंटाळा येतो, पण तेच सांगायला बसलोय.

माझा एक मित्र आहे. नायगावच्या शाळेत बावीस वर्षं आम्ही शेजारशेजारच्या वर्गांवर होतो, मी मुख्याध्यापक होऊन बदलून जाईपर्यंत. निवृत्तीनंतर तो लातूरला राहिला, मी नांदेडला. शिक्षकांचं धरणं असलं की माईक त्याच्या हातात, अधिकारी आला की पहिला प्रश्न त्याचा. त्याच्यावर दोन केसेस झाल्या, दोन्ही मिटल्या. पण माझ्या डोक्यातल्या हिशेबानं तो फार कमी गुणांचा माणूस होता. मी त्याचे फोन उशिरा घेऊ लागलो. धरण्याच्या फोटोत त्याच्याशेजारी बॅनरचं टोक धरून मी उभा होतो, तो फोटो मोबाइलमधून काढून टाकला. तो म्हणायचा, "मास्तर, कुठं गायब हायस?" मी म्हणायचो, तब्येत.

त्याची मुलगी लातूरला कॉलेजात शिकवते. तिला नांदेडचं स्थळ आलं. मुलगा-मुलगी दोनदा भेटले होते, एकमेकांना पसंत होते. राहिली होती चौकशी. आमच्याकडे सोयरीक ठरायच्या आधी मुलाचा मामा, नाहीतर काका, मुलीकडच्यांना ओळखणाऱ्या चार जणांना फोन करतो. या फोनवर कुणी कुणाला उघड वाईट म्हणत नाही. "माणसं चांगली, पण तुम्ही बघून घ्या," एवढं म्हटलं की ऐकणारा समजतो. मीही असे फोन खूप घेतले आहेत, त्यामुळे कुठल्या शब्दाचं वजन किती, हे मला पुरतं ठाऊक.

मुलाच्या मामांचा फोन आला. "सर, नायगावला तुम्ही सोबत होते म्हणून कळलं. कसं हाय घर?"

मला वाटलं, हा फोन कुठंतरी नोंदवला जातोय. मी म्हणालो, "सोबत होतो खरा. पण तेवढी काही ओळख नाही."

मामा "बरं सर," म्हणाले.

आठवड्यानं बोलणी थांबल्याचं कळलं. पुण्याची माझी मुलगी फोनवर होती. तिच्यापाशी मी वर हुशारीच मिरवली, की बरं झालं, मी आधीच लांब झालो होतो, नाहीतर माझेही मार्क कटले असते.

"बाबा, कसले मार्क?"

मी समजावलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, तेव्हाच मला धाकधूक वाटायला लागली.

"अहो, चीनमध्येसुद्धा प्रत्येक माणसाला असा एक आकडा नाही. कोर्टाचं न ऐकणाऱ्यांच्या याद्या आहेत, त्या लोकांना विमानाचं तिकीट वगैरे मिळत नाही, ते खरंय. बऱ्याचशा नोंदी कंपन्यांच्या. काही गावांनी मार्क देऊन बघितले, ते तेवढ्यापुरतेच. आणि ते दोस्ताचं एका खासगी अ‍ॅपवरून उठलेलं. सगळं एकत्र कालवून कुणीतरी व्हिडिओ केला. आपल्याकडं तर काहीच नाही. तुम्ही मात्र घरबसल्या चालू केलंत."

मी लगेच मामांना फोन लावला. माणूस सोन्यासारखा, मुलगी हुशार, घर एक नंबर. जितकं बोललो तितकं बिघडलं. मामा म्हणाले, "सर, तवा ओळख न्हाई म्हणले, आता एवढं सांगून राहिले. त्यांनी फोन करायला लावला असंल. चालायचंच."

मग एसटीनं लातूर. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी बराच वेळ थांबली, तेव्हा उतरून परत जावं असं दोनदा मनात आलं. या वयात चुका करायला काही कष्ट पडत नाहीत. त्या निस्तरताना गुडघे दुखतात.

मित्र ओसरीतच होता. मी सगळं सांगितलं, व्हिडिओपासून मामांपर्यंत. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बावीस वर्षं माझ्या डब्यातलं खाल्लंस. ओळख न्हाई?" आणि थोड्या वेळानं, "किती मार्क पडले मग तुला?"

त्याची मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. तिनं माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. "काका, त्यांना परत फोन लावा. इथं, माझ्यासमोर. आमचं काही चांगलं सांगू नका. तुम्ही का घाबरलात तेवढंच सांगा."

"अगं, ते काय म्हणतील मला?"

"म्हणू द्या. माझ्याबद्दल तर म्हणून झालंय."

मी लावला. स्पीकर तिनंच चालू केला. मी हजार गुण सांगितले, कॅमेऱ्यासमोरची पिशवी सांगितली, काढून टाकलेला फोटो सांगितला. मग मामा हसायला लागले ते थांबेचनात. मध्येच बायकोला हाक मारून, "अगं, हेडमास्तर काय म्हणतेत बघ," असं सांगून झालं. शेवटी म्हणाले, "सर, असलं कुणी खोटं सांगत न्हाई. खोटं सांगायला माणूस जरा बरं काहीतरी शोधतो. रविवारी येतो म्हणावं आम्ही."

मुलगी आत गेली. आतून वहिनींचा आवाज आला, मग दोघींचाही.

मित्रानं तांब्या माझ्याकडे सरकवला. "रविवारी तू येऊ नको," तो म्हणाला. "तुला बघून त्यो मामा हसत बसंल, आन् पोरीचं बोलणं बाजूला राहील."

मी बरं म्हणालो आणि पाणी प्यालो.