बशीतलं लवण

प्रत्यक्ष देवानं समोर येऊन 'मी देव' म्हटलं असतं, तरी माझ्या खोलीसोबत्यानं त्याला 'कायवरून?' असं विचारलंच असतं. रामाकोन्याच्या संत्रेवाल्याचा हा मुलगा ऐंशीच्या दशकात बी.एस्सी.ला मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात माझ्यासोबत राहायचा, आणि ऐकलेलं काहीही मानायचं नाही हे त्याचं व्रत होतं. घरमालकीण काकू म्हणाल्या, की विहिरीचं पाणी जड आहे, तर हा तीन विहिरींच्या पाण्यात साबण फेसत बसला. फरशीवर लिंबू पिळून बुडबुडे पाहायचा. "बापा, भाजीले एखादं लिंबू ठेव," काकू म्हणायच्या, "फरशीले का वरण-भात वाढून राहिली मी?"

माझं उलट होतं. घरी मराठी, कॉलेजात हिंदी; मी दोन्ही भाषांत न समजता पाठ करायचो. त्याच्या घरून आलेली संत्री लॅबच्या शिपायाला नेऊन द्यायचो आणि परीक्षेत ओळखायला मिळणाऱ्या लवणाचं, म्हणजे क्षाराचं, नाव आधीच मिळवायचो. हे मी आजवर बोललो नव्हतो. पुढचं तर नाहीच.

शेवटच्या वर्षीच्या प्रॅक्टिकलला मी सगळ्या चाचण्या वीस मिनिटांत कागदावरच उरकल्या आणि रिकामा बसलो. शेजारच्या यानं अजून एकही चाचणी केली नव्हती; तो सगळ्या परीक्षानळ्या धुवायला कोपऱ्यातल्या मोठ्या नळावर गेला होता. मी आळस दिला, आणि माझ्या कोपरानं त्याच्या लवणाची बशी बेसिनात उपडी झाली. पांढरी पूड वाहून गेली. खरं सांगितलं, तर परीक्षक टेबलाशी येणार आणि माझ्या कोरड्या परीक्षानळ्या पाहणार. टेबलावर सगळ्यांसाठी अमोनियम क्लोराइडची बाटली असायची, तेही पांढरंच. मी बशी पुसली, चमचाभर त्यातलं भरलं आणि ती होती तिथं ठेवली.

त्यानं अर्थातच अमोनियम क्लोराइड शोधून काढलं. परीक्षकांनी कोणाला कोणतं लवण दिलं त्याची यादी पाहून लाल रेघ मारली. "गलत. झिंक सल्फेट था." एक वर्ष गेलं की सरळ संत्र्याच्या बगीच्यात, असं त्याच्या बापानं बजावलेलं. हा मात्र शांतपणे म्हणाला, "सर, लिस्ट से नहीं, लवण से पूछिए."

त्यानं पूड कॉस्टिक सोड्यासोबत तापवली आणि आम्लात बुडवलेली काचकांडी नळीच्या तोंडाशी धरली. 'सघन श्वेत धूम' हे तीन शब्द मी कितीदा घोकले होते. अमोनियाची खूण असलेला तो दाट पांढरा धूर खरोखर उठताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. अख्खी बॅच टाचा उंचावून बघत होती. परीक्षकांनी स्वतः पुन्हा करून पाहिलं, यादीवर काट मारली आणि त्याला पैकीच्या पैकी दिले. त्या धुरानं मला असं धरलं, की सुट्टीभर मी त्याच्याकडे रामाकोन्याला राहून प्रत्येक चाचणी स्वतःच्या हातानं केली. पाठांतर सुटलं ते सुटलंच. आज मी सौसरला रसायनशास्त्र शिकवतो, ते एका लबाडीच्या जोरावर.

मागच्या महिन्यात त्याच्या बगीच्यात गेलो आणि सगळं सांगून टाकलं. संत्रं सोलता सोलता तो थांबला.

"म्हणजे लिस्ट बरोबर होती?"

"हो."

"अन् त्या भल्या माणसाले मी सगळ्यांपुढं खोटं पाडलं. तो अजूनही आपणच चुकलो समजून राहिला असंल, बे."

"मी तुझी माफी मागायला आलो होतो."

"तुयं मंग पाहू. पयले त्याले कळवा लागते."

मग संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं झाडाखाली बसून त्या परीक्षकांचं नाव आठवत होतो. ते छिंदवाड्याहून आले होते की जबलपूरहून, यावरही आमचं एकमत होईना.