तिचा गंधार

आमच्या वाडीतल्या देवीच्या देवळात बायकांच्या भजनाला पेटी मी वाजवतो. मी सुतार, शाळा चौथीपर्यंत. पेटी माझी आहे, दुरुस्तीही मीच करतो, आणि दुसऱ्या कोणी तिच्यात बोट घातलेलं मला खपत नाही.

पूर्वी भजनाला नुसती एकतारी असायची. पेटी आली आणि आमची ही कुरकुरायला लागली. नवरात्र जवळ आलं तशी एकदा म्हणाली, "यंदा मी टाळ वाजवीन. गाणार नाही."

"का गो?"

"तुमचा गंधार चढा आहे. मी माझ्या जागी गेले की तो टोचतो."

हिचं गाणं ऐकत माझं आयुष्य गेलं. ते माझ्या पेटीपायी बंद व्हावं हे मला चालणार नव्हतं. म्हटलं, मोजूनच बघू. फणसाची फळी घेतली, दोन हात अंतरावर दोन घोड्या ठोकल्या, त्यांवरून तार नेली, टोकाला चिऱ्याचा तुकडा टांगला. अख्खी तार म्हणजे हिचा सा. तिचे तीन भाग करून दोन वाजवले की पंचम. पाच करून चार वाजवले की गंधार. ही तांदूळ निवडता निवडता गुणगुणली ती नेमकी त्या खुणेवर. पेटी खरोखरच वर होती.

लगेच पेटी उघडली. गंधाराची पितळी जीभ मुळाशी कानशीने घासली, तसा सूर खाली आला. शुक्रवारच्या भजनात ही गायली आणि देऊळ भरून गेलं. पण मग शेजारीण उठली. तिचा आवाज खालचा, ती पेटीची पांढरी सहा ही पट्टी सा धरून गाते. हिचा गंधार तोच तिचा पंचम, आणि तो आता थरथरायला लागला.

"भाऊजी," ती म्हणाली, "पेटी बायकोच्या नावावर केलीत काय?"

बायका हसल्या. मी ठरवलं, सगळेच सूर शुद्ध लावतो, मग बघू कोण बोलतंय. फळीवर पंचमाची खूण केली, त्या पंचमाला सा मानून त्याचा पंचम काढला. तार आखूड झाली की दुप्पट करून मागे यायचं. असे बारा पंचम झाले की पहिल्या सा वर पोचायला हवं. शेवटची खूण करंगळीच्या रुंदीएवढी अलीकडे पडली. पुन्हा मोजलं. पुन्हा करंगळी. माझ्या मापात चूक होत नाही, म्हणून मी तारेला दोष दिला.

नात कॉलेजात शिकते. ती माझ्याजवळ उकिडवी बसली.

"आजोबा, पंचमात तीन आहेत आणि मागे येताना दोन. तिनाला तिनाने कितीही वेळा गुणा, उत्तर विषमच येणार. दोनाचं समच. ते एकमेकांना गाठणार कसे?"

"म्हणजे देवाचं माप चुकलं म्हणतेस?"

"तसं काही नाही. पेटीवाल्यांनी ती करंगळी बारा स्वरांत वाटून टाकली. म्हणून पंचम केसभर सरकलाय आणि गंधार चांगलाच चढलाय. पण कोणीही कुठूनही गावं, सगळ्यांना सारखंच."

संध्याकाळी गंधाराच्या जिभेचं टोक घासून सूर पुन्हा वर, होता तिथे नेला. हिने ते पाहिलं आणि टाळ पुसायला घेतले. मला ते बघवेना.

"ठेव ते," मी म्हणालो. "तू गायचंस."

"आणि गंधार?"

"तो मी वाजवणार नाही."

नवरात्रात तेच केलं. हिच्या अभंगात गंधार आला की माझं बोट वर राही. खाली सा आणि पंचम धरलेले, मधे हिचा एकटीचा आवाज.

"भाऊजी, बोट आखडलं काय?" शेजारणीने विचारलंच.

"हो," मी म्हणालो. "तुमच्या वेळी मोकळं होतं."

ही पुढे तोंड करून गात होती, पण तिला ऐकू गेलं होतं. पुढच्या गंधारावर ती नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली, आणि माझं बोट तिथंच हवेत ताटकळत राहिलं.