पाईकसाठी जाळी घेताना

माझा नवरा शाकाहारी आहे आणि त्याला मासेमारीचा नाद आहे. पुण्यातल्या ज्या घरात अंड्याचा केकसुद्धा गॅलरीत उभं राहून खावा लागायचा, त्या घरातला हा मुलगा इंग्लंडमध्ये स्लाऊला आल्यावर ऑफिसमधल्या एका मित्राचं बघून पाईक पकडायला लागला. पाईक म्हणजे सुसरीच्या तोंडाचा, दातेरी, गोड्या पाण्यातला मासा. तो थंडीत तळ्याकाठी दिवसभर कुडकुडत पकडायचा, कौतुकाने बघायचा आणि परत सोडून द्यायचा. मी वेंगुर्ल्याची. हाती आलेला मासा सोडून देणारा माणूस मी आपणहून पसंत केला, याचं मला अजून नवल वाटतं.

आई गेली त्या वर्षी थंडीच्या तोंडावर मी बाबांना इकडे घेऊन आले. होळी झाली की जा, असं ठरलं होतं. पण पंधरा दिवस होतात न होतात तोच त्यांनी परत जायचं टुमणं लावलं. "घर बंद आहे गं तिकडे," म्हणायचे. त्या बंद घराचीच मला धास्ती होती. एकटे काय करतील, काय खातील? इथे निदान माझ्या डोळ्यांसमोर ताटातलं चिवडत होते. खिडकीपाशी बसून असायचे. जावयाशी बोलणं म्हणजे "आज थंडी आहे" आणि "हो बाबा", एवढंच. एका शनिवारी त्यांनी पुन्हा डिसेंबरच्या तिकिटाचं काढलं आणि मी भडकले. म्हटलं, "आधी घराबाहेर तर पडा. याला जाळी घ्यायची आहे, चला."

नवऱ्याच्या जुन्या जाळीच्या दोऱ्यात गळ अडकून एक पाईक बराच वेळ तडफडला होता. तेव्हापासून हा तोंड पाडून फिरत होता. दुकानात एक अख्खी भिंत जाळ्यांनी भरलेली होती. गाळण्याएवढ्या छोट्या जाळीपासून बाळ झोपेल एवढ्या मोठीपर्यंत सगळं. बाबांनी मासळीबाजारातल्या सवयीने एक लहानशी जाळी उचलली. "ही बरी. पिशवीत मावेल."

"नको बाबा," नवरा म्हणाला, "पाईक लांब असतो, यात दुमडला जाईल. रबर कोटिंगवाली बघू. तिच्यात गळ अडकत नाही, आणि त्याच्या अंगावरचा चिकट थर खरवडला जात नाही."

"म्हणजे माशाला लागू नये म्हणून?"

"हो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. जावई बरा आहे ना, असं त्या नजरेत स्वच्छ लिहिलेलं होतं.

शेवटी दोन जाळ्या उरल्या. दुकानदार म्हणाला, एकटेच जात असाल तर आखूड दांड्याची घ्या, एका हाताने पेलते. बरोबर कुणी धरायला असेल तर ही मोठी, खोल, लांब दांड्याची. माशासाठी हीच उत्तम. मित्र लीड्सला गेल्यापासून नवरा एकटाच जायचा. मी ते सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तो म्हणाला, "आम्ही दोघं असतो," आणि त्याने मोठी जाळी बाबांच्या हातात दिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या क्षणी मला तो नव्याने आवडला.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "माशाच्या आमटीला तिरफळं आहेत का गं?" आई गेल्यापासून त्यांनी स्वतःहून खायचं काही मागितलं नव्हतं. मासा सोडून द्यायचा असतो, हे सांगायची कोणाची छाती होणार? नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि मूग गिळले. मी खोबरं काढून ठेवलं.

रविवारी तिघंही तळ्यावर गेलो. दोन फ्लास्क चहा संपला, पाय बधिर झाले, आणि मग एकदम रीळ करकरलं. "बाबा, नेट आधीच पाण्यात बुडवून धरा. माशामागे न्यायचं नाही, मी त्याला वर आणतो." बाबा माकडटोपी सावरत गुडघ्यावर बसले. पाईक अलगद जाळीत आला. दोघांनी मिळून तो, माशाला खरचटू नये म्हणून अंथरलेल्या ओल्या गादीवर ठेवला, आणि नवऱ्याने चिमट्याने गळ काढला, कुठेही न अडकता.

तेवढ्यात बाबा वाकले आणि कल्ला उचलून बघायला त्यांनी बोट पुढे केलं. नवऱ्याने त्यांचं मनगट धरलं. "अहो बाबा, बोट जाईल."

"ताजा आहे का बघतो."

"जिवंत आहे, बाबा."

मग बाबा हसले. खांदे गदगदा हलेपर्यंत हसले. मीही हसले आणि हसताहसता मला रडू आलं.

नवरा हळूच म्हणाला, "बाबा, याला आपण घरी नेत नाही."

"मग?"

"दमलाय तो. जाळीतच पाण्यात धरून ठेवायचा. त्राण आलं की आपला आपण जातो."

संपलं, आता हे उठून तिकिटाचं काढणार, असं मला वाटलं. वाटणाची सगळी तयारी घरी तशीच होती. पण बाबांनी दांडा हातात घेतला आणि दोघांनी मासा परत पाण्यात उतरवला. तो निपचित होता, नुसते कल्ले हलत होते. बाबा त्याच्याकडे वाकून बघत होते. "सावकाश जा हां," ते पुटपुटले, "घाई नाय." शेवटच्या महिन्यांत आईला खाटेवरून उठवून चालवताना ते हेच म्हणायचे, याच आवाजात. मी दुसरीकडे बघितलं.

बऱ्याच वेळाने शेपटी हलली आणि मासा गेला. बाबा रिकामी जाळी धरून तसेच बसून राहिले.

"जावईबापू, हे कधीपर्यंत चालतं?"

"मार्चपर्यंत."

नवऱ्याने हात दिला, तो धरून ते उठले आणि माझ्याकडे वळले. "डिसेंबरचं तिकीट काढलं नाहीस ना?"

"नाही."

"मग नको काढूस."