आपल्याच कॉलेजात पाहुणी

मार्लिस टेर्वो कॉलेजात लागली ती चार महिन्यांसाठी. पहिल्या वर्षाच्या मुलांना लेखन शिकवणारी एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली होती. तिच्या जागी तातडीने कुणीतरी हवं होतं, आणि मार्लिस गावातलीच, एम.ए. होऊन घरी बसलेली. ती बाई काही परत आली नाही. बाळाला घेऊन नवऱ्यामागे ॲरिझोनाला गेली ती गेलीच. त्या बाळाला आता दाढीमिशा आल्या असतील. मार्लिसचे चार महिने मात्र लांबत लांबत एकवीस वर्षांवर गेले.

दर सत्राला चार तुकड्या, एकेका तुकडीत पंचवीस मुलं, प्रत्येकाचे पाच निबंध. सुपीरियर सरोवरावरून वारा सुटला की या गावात नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत बर्फ पडतं, आणि त्या सहा महिन्यांत मार्लिसच्या गाडीच्या मागच्या सीटवर निबंधांचे गठ्ठे कायम असत. तळमजल्यावरची सहा नंबरची खोली तिच्यासारख्याच आणखी पाच कंत्राटी शिक्षकांत वाटलेली. वर्षाचं कंत्राट जुलैत घरी येई. त्यात दर वेळी एक वाक्य असे : ‘ही नेमणूक पुढील नेमणुकीची कोणतीही अपेक्षा निर्माण करीत नाही.’ तिचा नवरा रॉय ते वाक्य चर्चमधल्या पाद्र्याच्या सुरात मोठ्याने वाचून दाखवी आणि वर म्हणे, “तथास्तु!”

रॉय रस्त्यावरचं बर्फ काढणारा जिल्ह्याचा ट्रक चालवायचा. सहा वर्षांपूर्वी ट्रक खड्ड्यात कलंडला आणि त्याची पाठ कामातून गेली. तेव्हापासून घर मार्लिसच्या पगारावर, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे रॉयचं दुखणं मार्लिसला नोकरीतून मिळणाऱ्या विम्यावर. नोकरी धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी. तिने ती घट्ट धरून ठेवली होती.

त्या वर्षी सप्टेंबरात विभागप्रमुख ग्रेग हॅलोरन स्वतः जिना उतरून तळमजल्यावर आला. तो एरवी खाली येत नसे. माणूस वाईट नव्हता. बारा वर्षांपूर्वी नवा आला तेव्हा गाडी कुठे लावायची आणि बर्फाच्या दिवसात कुठे लावायची नाही, हे त्याला मार्लिसनेच दाखवलं होतं.

“मार्लिस, मंजूर झाली! लेखनाची कायमची जागा. दहा वर्षं मागत होतो.”

“कुणासाठी?”

“कुणासाठी काय विचारतेस? जाहिरात द्यावी लागेल, तो नियम आहे. पण इथे सगळ्यांना माहीत आहे ती जागा कुणाची ते.”

मार्लिसने हातातला निबंध खाली ठेवला. संध्याकाळी घरी जाताना तिने बेकरीतून वेलदोड्याचा गोड पाव घेतला, जो ती फक्त नाताळात घ्यायची.

डिसेंबरात गावातल्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. इंग्रजी शिकवणाऱ्या लाहटीबाई निवृत्त होत होत्या. “तुम्ही याल का? पक्की नोकरी आहे, विमा आहे, संघटना आहे. जानेवारीपर्यंत कळवा.” मार्लिसने दोन दिवस विचार केला. हायस्कूल घरापासून चालत जाण्याएवढं जवळ होतं. पण एकवीस वर्षं ज्याची वाट बघितली ते दारात आलेलं असताना पाठ कशी फिरवायची?

“हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस,” रॉय म्हणाला.

“अरे, हातचं कुठलं आणि पळतं कुठलं हेच तर कळत नाही.”

तिने नाही कळवलं. वर त्याच आठवड्यात सिगरिड मॅकी नावाची तिची एक जुनी विद्यार्थिनी आली. ‘हायस्कूलला अर्ज करतेय मॅडम, शिफारसपत्र द्याल?’ म्हणाली. मार्लिसने रविवारची सकाळ घालवून दोन पानांचं पत्र लिहिलं. शिफारसपत्र लिहावं तर मार्लिसनेच, असं कॉलेजात सगळेच म्हणत.

फेब्रुवारीत तिघांची नावं निघाली. दोघं बाहेरचे, तिसरी मार्लिस. आणि मग कर्मचारी कार्यालयातली केल्सी नावाची एक तरुण मुलगी हातात यादी घेऊन तिला भेटायला आली.

“मिसेस टेर्वो, तुमचा दौरा चौदा आणि पंधरा तारखेला आहे.”

“कसला दौरा?”

“कॉलेजभेटीचा. मोटेलमध्ये मुक्काम, समितीबरोबर जेवण, परिसर दाखवणं, नमुन्याचा तास, मुलाखत.”

“बाई गं, मी इथून चार मैलांवर राहते.”

“तिन्ही उमेदवारांना सारखी वागणूक द्यावी लागते. नाही तर उरलेले दोघं तक्रार करू शकतात.” मुलगी ओशाळली होती, पण यादीवरून बोट काढेना.

अशी मार्लिस चौदा तारखेला आपल्याच गावातल्या मोटेलात पाहुणी म्हणून उतरली. रॉयही बरोबर गेला. मोटेलात गरम पाण्याचा हौद होता. त्यात गळ्यापर्यंत बुडून बसल्यावर त्याची पाठ कित्येक महिन्यांनी सैल पडली. “प्रोफेसरीणबाई,” तो डोळे मिटून म्हणाला, “दर वर्षी मुलाखत देत जा.” मार्लिस काठावर पाय सोडून बसली होती. दोघं पोट धरून हसली. त्या सबंध हिवाळ्यात ती एवढी पुन्हा हसली नाहीत.

दुसऱ्या दिवशी ग्रेगने तिला कॉलेज दाखवलं. केल्सी यादी घेऊन मागे चालत होती, त्यामुळे त्याला टाळता येईना.

“हे ग्रंथालय,” तो पुटपुटला.

“असं का?” मार्लिस म्हणाली.

“हे झेरॉक्स मशीन. कधी कधी कागद अडकतो.”

“डावीकडचं झाकण उघडायचं आणि हिरवी कळ दाबायची.”

“मार्लिस, प्लीज.”

“बरं बरं. छान आहे मशीन.”

दुपारी समितीबरोबर जेवण. बटाटा-मांस भरलेल्या पास्टी मागवल्या होत्या, बाहेरून येणाऱ्यांना इथली चव कळावी म्हणून. समितीतल्या एका प्राध्यापकाने तिला खरोखरच विचारलं, “इकडची थंडी झेपेल ना तुम्हाला?” तो तिसऱ्या मजल्यावर बसायचा. आठ वर्षं तो त्याच इमारतीत होता, पण तिला त्याने ओळखलं नाही. तिने घास गिळला आणि म्हणाली, “सवय होईल.”

नमुन्याच्या तासाला मुलं कमी पडली, म्हणून कुणीतरी तिचीच नऊ वाजताची तुकडी आणून बसवली होती. ओळख दाखवायची नाही, असं त्यांना बजावलं होतं. मार्लिसने फळ्याकडे पाठ केली आणि समोर तीच पंचवीस तोंडं, ओठ दाबून बसलेली. पहिल्या बाकावर जोलीन होती. वय एकेचाळीस, वृद्धाश्रमात रात्रपाळी करून शिकायला येणारी.

मार्लिसने शिकवायला घेतलं : रागावलेल्या माणसाने तक्रारीचं पत्र कसं लिहावं. हा तिचा हातखंडा पाठ. आधी सगळा राग एका कागदावर ओकून टाकायचा, मग तो कागद बाजूला ठेवून विचारायचं, मला नेमकं हवंय काय? ते पहिल्या ओळीत लिहायचं. बाकीचं आपोआप मागे येतं. दहा मिनिटांत मुलं समितीला विसरून लिहायला लागली. एकाने आपल्या घरमालकाला लिहिलं, एकीने बापाला.

“कुणाला काही शंका?” शेवटी मार्लिसने विचारलं.

जोलीनने हात वर केला. “हो, मॅडम. तुमचं नाव काय म्हणालात?”

वर्ग खदखदून हसला. मागे बसलेली समितीही हसली. मार्लिसही हसली, पण तिला डोळे पुसावे लागले, आणि ते हसण्यामुळेच की काय हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

मुलाखतीत एकाने विचारलं, “पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?”

“तळमजल्यावर, सहा नंबरच्या खोलीत,” ती चटकन बोलून गेली. सगळे हसले. आपण तसं बोलायला नको होतं, हे तिला जिना उतरताना कळलं.

मार्चमध्ये ग्रेगने तिला वर बोलावलं. दार लावून घेतलं आणि खुर्चीऐवजी टेबलाच्या कडेवर बसला. एवढ्यावरूनच तिला काय ते समजलं.

“तमारा बेलिस म्हणून आहे, टेनेसीची. तिचं पुस्तक येतंय.”

“बरं.”

“मतं जवळजवळ सारखीच पडली होती, मार्लिस. तुझा तास सगळ्यात चांगला झाला, हे त्यांनी लिहूनसुद्धा दिलंय.”

“मग?”

ग्रेगने चष्मा काढला. “कायमच्या माणसाला दोनच तुकड्या असतात. तुला वर घेतलं तर तुझ्या दोन तुकड्या मोकळ्या पडतात. डीन म्हणाले, त्या दोन तुकड्या तिच्यासारख्या शिकवणारं माणूस आणायचं कुठून? तू खाली आहेस म्हणून वरचं सगळं चालतं. हे मी तुला सांगायला नको होतं. पण तुला खोटं सांगवत नाही.”

मार्लिसने खिडकीबाहेर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरून सरोवर दिसतं, हे ती विसरलीच होती.

“म्हणजे मी वाईट शिकवलं असतं तर?”

ग्रेगने चष्मा पुसायला घेतला.

“वाईट शिकवलं असतं तर केव्हाच काढून टाकलं असतंत. आणि चांगलं शिकवलं म्हणून वर घेत नाही. मग मी करायला काय हवं होतं, ग्रेग? एकदा सांग तरी.”

“मला माहीत नाही गं,” तो म्हणाला, आणि ते खरं होतं.

खाली येऊन तिने हायस्कूलला फोन लावला. मुख्याध्यापकांचा आवाज उत्साहाचा होता. “अहो, भरली की ती जागा! सिगरिड मॅकी. खरं सांगू? तुमचं पत्र वाचूनच आम्ही ठरवलं. असं पत्र आलं म्हटल्यावर दुसऱ्या कुणाला बोलवायचं कशाला?”

“चांगली मुलगी आहे,” मार्लिस म्हणाली, आणि फोन ठेवला. त्या दुपारचा तास तिने घेतला. नेहमीसारखाच घेतला. नंतर गाडीत बसून किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं, काच गरम होऊन बर्फ वितळून गेलं, तरी तिचा हात गियरकडे जाईना. राग यावा तर कुणाचा? ग्रेग खरं बोलला होता. सिगरिडला तिनेच लिहायला शिकवलं होतं. आणि त्या टेनेसीच्या बाईने तर तिचं काहीच बिघडवलं नव्हतं. आधी राग ओकून टाका, मग काय हवंय ते विचारा, असं मुलांना सांगताना किती सोपं वाटतं.

“दे सोडून,” रॉय त्या संध्याकाळी म्हणाला. “लाथ मार त्यांच्या नोकरीला. मी कुठेतरी चौकीदारी करीन.”

“पंधरा मिनिटं उभं राहवत नाही तुला. जूनमध्ये ऑपरेशन आहे.”

आपण हिच्या गळ्यातला धोंडा झालो, असं रॉयच्या मनात आलं असणार, कारण तो उठून भांडी घासायला लागला, आणि वाकून भांडी घासायला डॉक्टरांची सक्त मनाई होती. मार्लिस त्याच्या हातातून घासणी काढून घेत म्हणाली, “असा चेहरा नको करूस. तू नसतास तरी मी गेले नसते. भित्री आहे मी.” यातलं किती खरं होतं, दोघांनीही तपासलं नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. जुलैत कंत्राट आलं. या वेळी रॉयने ते वाक्य मोठ्याने वाचलं नाही. मार्लिसने स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच सही केली.

ऑगस्टमध्ये तमारा बेलिस आली. मार्लिस तिला टाळणार होती, पण जिन्यातच गाठ पडली. पस्तिशीची बारीक बाई पुस्तकांचं खोकं छातीशी धरून धापा टाकत उभी होती. मार्लिसने न बोलता खोक्याचं दुसरं टोक धरलं.

“तुम्हीच मार्लिस ना?” वर पोचल्यावर तमारा म्हणाली. “मला सांगितलंय सगळं. मी... काय बोलावं कळत नाहीये.”

“नका बोलू मग.”

“नऊ वर्षं मी तीन कॉलेजांत कंत्राटावर होते. गाडीतच जेवायचे. पत्र आलं तेव्हा मी अंघोळीच्या टबात बसून रडले. दुसरं कुणी होतं की काय, असा विचार मनाला शिवलासुद्धा नाही. खरंच सांगते.”

मार्लिसच्या मनात आलं, या बाईचा द्वेष करता आला असता तर बरं झालं असतं. निदान रागाला एक वाट तरी मिळाली असती. आता तीही वाट बंद झाली.

“तो विचार मीही नसता केला,” ती म्हणाली.

“एक विचारू? तो तक्रारीच्या पत्राचा पाठ... सगळे त्याच्याबद्दलच बोलतात. द्याल मला?”

इतक्या वर्षांत मार्लिसने कुणालाही नाही म्हटलं नव्हतं. मशीन दुरुस्त करायला नाही, शिफारसपत्राला नाही, आजारी पडलेल्याच्या तासाला नाही. ती म्हणाली, “नाही. तो नाही देणार. दुसरं काहीही मागा.”

तमाराचा चेहरा पडला, मग तिने मान हलवली. “बरोबर आहे,” ती म्हणाली.

मार्लिस जिना उतरली. नाही म्हटल्याने काही बदललं नव्हतं. तुकड्या चारच, खोली सहा नंबरचीच. पण तो पाठ तेवढा तिचा राहिला.

शनिवारी रॉय काठी टेकत तिच्याबरोबर सरोवराकाठच्या रानात थिंबलबेरीची लाल रानफळं वेचायला आला. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच एवढं चालला. दर दहा पावलांवर थांबायचा, आणि दम लागला नसून फळं बघतोय असं दाखवायचा. अर्धी बरणी भरल्यावर म्हणाला, “पुढच्या वर्षी सोड ती नोकरी.”

“हो,” मार्लिस म्हणाली, “पुढच्या वर्षी.” आणि वरच्या फांदीकडे हात नेला.

मंगळवारी सकाळी नऊला तिचा पहिला तास होता. वर्ग भरला होता. दारापाशी एक उंच मुलगी कुठे बसावं कळेना म्हणून घुटमळत होती. मार्लिसने तिला पुढची खुर्ची दाखवली आणि हजेरीचा कागद उघडला.