काचकिनने सांगितलेलं वादळ

तो आवाज झाला तेव्हा गावात घरोघरी सकाळचा चहा चालला होता. खिडक्यांच्या काचा थरथरल्या, कुत्री गोठ्यात जाऊन लपली. आकाश स्वच्छ होतं आणि वाऱ्याची झुळूकही नव्हती. हरवलेली घोडी शोधायला गेलेला एकजण दुपारी सांगत आला, की दरीपलीकडच्या उतारावरची स्प्रूसची दीडशे झाडं मोडून पडलीत.

मग काय, दुकानासमोर सभाच भरली.

"आकाशातून दगड पडला," शाळामास्तर म्हणाले.

"दगड पडला तर खड्डा कुठंय? विमान होतं ते. आम्ही फौजेत रोज ऐकायचो," दुकानदार मामिरकानने ठासून सांगितलं. फौजेत तो बटाटे सोलायचा, हे गावाला पाठ होतं.

शेवटी सगळे काचकिनकडे वळले. गाव त्याला बाइके, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायचं. "बाइके, जंगल तुमचं. तुम्हीच सांगा."

काचकिन सत्तावीस वर्षं वनरक्षक होता. बोलायला भारी कंजूस, पण बोलेल ते खरंच असणार, असं गाव धरून चालायचं. "बघून येतो," म्हणून तो निघाला.

तिथे पोचल्यावर त्याला विचार करावाच लागला नाही. झाडं छातीच्या उंचीवर मोडून चढाकडे आडवी झाली होती आणि बुंध्यांवर दरीकडच्या अंगालाच बर्फ ठासून बसला होता. समोरच्या कड्यावरून हिमलोट आला होता. बर्फ दरीतच थांबला, पण त्याने पुढे ढकललेल्या हवेने हा उतार झोडपला होता. लहानपणी वडिलांनी त्याला असंच एक रान दाखवलं होतं. त्याने कड्याकडे पाहिलं. बर्फाचा अर्धा थर अजून वरच लटकत होता.

वनखात्याचा नियम साधा होता. वादळाने पाडलेलं लाकूड गावाचं. हिमलोट म्हटलं, की उतार मे महिन्यापर्यंत बंद. त्या हिवाळ्यात कोळशाचा ट्रक आलाच नव्हता. परतताना तो धाकट्या बहिणीकडे, सोनुनकडे डोकावला, तर ती पोरांचा पाळणा फोडून चुलीत घालत होती. "आता यात निजणार कोण?" म्हणून हसली. तिचा नवरा तुर्दुमात कोटासकट रजईत बसून खोकत होता.

काचकिन तिथून तडक निघाला. दुकानापाशी येऊन तो म्हणाला, "वादळ होतं. डोंगरात उठतं कधीकधी. उद्या लाकडं आणा, पण दुपारच्या आत खाली या."

"का हो?"

"सांगितलं ना!"

थंडीत थर धरून राहील, ऊन चढायच्या आत माणसं परततील, असा त्याचा हिशेब. पण गावाची रीत अशी, की पडलेल्या झाडावर ज्याने पहिली कुऱ्हाड मारली, झाड त्याचं, आणि तेही त्याच दिवशी सूर्य मावळेपर्यंत. तोवर ओढून नेलं नाही, तर हक्क गेला. ही रीत काचकिनला जन्मापासून ठाऊक होती. तरी हातात आलेलं झाड सोडून लोक दुपारी घरी येतील, असं त्याने मानून घेतलं.

बाकीच्यांचे घोडे दुपारपर्यंत उतरले. तुर्दुमातच्या वाट्याला सगळ्यात जाड खोड आलं होतं. तो फांद्या तोडत मागे राहिला. ऊन कलायच्या सुमाराला तसाच आवाज पुन्हा झाला.

तो चढावर सापडला. अंगावर ओरखडा नव्हता, तोंडात मात्र बर्फ ठासला होता.

सोनुनच्या अंगणात मयत ठेवायला तंबू उभा राहिला. "पुन्हा विमानच ते," मामिरकान म्हणाला. मास्तर म्हणाले, "नशिबापुढे कुणाचं चालतं?" जो तो काचकिनला नकळत दोषातून सोडवत होता आणि त्याला स्वतःची किळस येत होती. रीतीप्रमाणे काठीवर वाकून, "माझ्या भावा!" असा आक्रोश करत तो तंबूपाशी आला. मग आत शिरला. सोनुन कनातीकडे तोंड करून विलाप करत बसली होती.

"सोनुन, ते वादळ नव्हतं. हिमलोट होता. अजून येईल, हे मला दिसलं होतं."



"त्याला संशय आला होता," ती म्हणाली. "निघताना म्हणाला, तुझा भाऊ काहीतरी लपवतोय, मी नाही जात. मीच हसले. म्हटलं, माझा भाऊ खोटं बोलत नाही. मीच धाडलं त्याला, बाइके."

काचकिनने तिच्या खांद्याकडे हात नेला. ती सरकली.

मग तिने विलाप पुन्हा सुरू केला. विधवेने विलापात आधी गेलेल्याचं गुणगान करायचं आणि मग आपल्याला आधार द्यायला कोण उरलंय, त्यांची नावं घ्यायची. सोनुनने दोन्ही मुलांची नावं घेतली, दिराचं घेतलं, दूरच्या चुलतभावांचीसुद्धा घेतली. बाहेरचे पुरुष भावाच्या नावाची वाट पाहत थांबले होते. काचकिनही आत तसाच उभा होता. विलाप संपला.